साहाय्यबुद्धी, घाई आणि गर्दी : चिकित्सालयाच्या दृष्टीने काही विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेच्या चतुष्पादांचे विवेचन करताना परिचारकाच्या चार गुणांत 'अनुराग' आवर्जून सांगितला आहे, हे आपणां सर्वांस ज्ञात आहेच. त्याच अध्यायात वैद्याच्या वृत्तीचे मैत्री, कारुण्य, प्रीती आणि उपेक्षा असे चार प्रकार वर्णिले आहेत. परीक्षेपुरते पाठ केलेले हे शब्द पुढे व्यवसायात सुभाषितासारखे भिंतीवर राहतात. स्नेह आणि करुणा या मनुष्याच्या स्वभावातील गोष्टी, ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे आहेत, असे आपण गृहीत धरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजिक मानसशास्त्राने नेमक्या याच गृहीतकाची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष आपल्या ओपीडीला आणि औषधालयाच्या काउंटरला थेट लागू पडतात, म्हणून हा लेखप्रपंच.

या संशोधनास निमित्त झाली ती एक दुर्दैवी घटना. १३ मार्च १९६४ रोजी पहाटे न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या २८ वर्षांच्या तरुणीचा भोसकून खून झाला. अडतीस शेजारी खिडक्यांतून पाहत राहिले व कोणीही पोलिसांस कळविले नाही, असे वृत्त तेथील वर्तमानपत्राने दिले आणि ते जगभर गाजले. पुढे हे वर्णन बरेच अतिरंजित असल्याचे स्पष्ट झाले. इतक्या लोकांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता, आणि एक शेजारीण तर धावत खाली जाऊन अखेरपर्यंत तिला कवटाळून बसली होती. पाठ्यपुस्तकांतून मात्र जुनीच कथा दीर्घकाळ शिकविली गेली.

कथा अर्धसत्य असली तरी तिच्यावरून सुचलेला प्रयोग मोलाचा ठरला. जॉन डार्ली व बिब लाताने यांनी तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस निरनिराळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी चर्चा करावयास सांगण्यात आले. चर्चेच्या ओघात एकास अपस्माराचा वेग आल्याचे ऐकू येई. तो आवाज अर्थातच आधी मुद्रित केलेला होता. रुग्णाखेरीज आपण एकटेच ऐकत आहोत अशी ज्यांची समजूत होती, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी तो वेग संपण्यापूर्वीच मदतीसाठी बाहेर पडले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. जे उठले नाहीत ते निष्ठुर होते काय? मुळीच नाही. प्रयोगकर्ता खोलीत आला तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात कापत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि त्या मुलाची कोणी काळजी घेत आहे ना, असे ते विचारीत होते. करुणा होती, परंतु जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली की कोणाच्याच वाट्यास पुरेशी आली नाही.

तथापि, गर्दी नेहमीच निष्क्रिय असते असा निष्कर्ष काढू नये. ब्रिटन, नेदरलँड्स व दक्षिण आफ्रिका येथील रस्त्यांवरील भांडणांच्या चित्रफितींचा अभ्यास अलीकडे झाला. त्यात दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत निदान एक बघ्या तरी मध्ये पडल्याचे आढळले. भांडण सर्वांच्या डोळ्यांसमोर उघड असते. ज्या ठिकाणी प्रसंग संदिग्ध असतो, तेथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो.

गर्दीइतकीच घातक असते ती घाई. डार्ली व डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यास शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण द्यावयाचे होते. वाटेत एक मनुष्य दाराशी वाकून खोकत, कण्हत बसलेला असे. भरपूर वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झाला असे ज्यांना बजावले होते, त्यांच्यापैकी केवळ १० टक्के थांबले. यातील मर्म असे की, निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषयच मुळी वाटेत जखमी पडलेल्या परक्यास मदत करणाऱ्या सज्जनाची बायबलमधील कथा हा होता. त्या विषयाने मदतीच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. करुणेवर प्रवचन देण्यास निघालेला मनुष्य कण्हणाऱ्यास ओलांडून गेला.

वैद्यबंधूंनो, सायंकाळी सात वाजताची आपली ओपीडी या ठिकाणी डोळ्यांसमोर आणावी. बाहेर वीस रुग्ण, आत तीन, दार अर्धवट उघडे. रुग्णाच्या चार गुणांत 'ज्ञापकत्व', म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा एक गुण आहे. रुग्णास धड सांगता येत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. परंतु परक्या लोकांसमोर श्वेतप्रदर, अर्श किंवा मनातील खिन्नता कोण सांगेल? माझ्या मते ज्ञापकत्व हा जितका रुग्णाचा गुण आहे, तितकाच तो वैद्याच्या खोलीचाही आहे. एका वेळी एकच रुग्ण आत घेणे आणि प्रश्न विचारून झाल्यावर क्षणभर गप्प राहणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

औषधालयाच्या मालकांनी जबाबदारीच्या या वाटणीकडे विशेष लक्ष द्यावे. रुग्णास आधीपासून मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय, हा प्रश्न औषधविक्रेत्याने विचारला असेल असे वैद्यास वाटते. तो वैद्याने विचारलाच असणार, असे औषधविक्रेता समजतो. काउंटरवर तिघे असतील तर अनुपान व पथ्य दुसऱ्याने सांगितले असेल, अशी तिघांचीही खात्री असते. तिघेही प्रामाणिक असतात आणि रुग्ण मात्र काहीही न ऐकता घरी जातो. यावर उपाय उपदेशाचा नसून व्यवस्थेचा आहे. ज्याने पुडी बांधली त्यानेच मात्रा व अनुपान सांगावे, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात आपली खूण करावी. प्रतीक्षाकक्षात कोणास भोवळ आली तर "कोणीतरी पाणी आणा" असे न म्हणता एकाचे नाव घेऊन सांगावे. गर्दीतून नाव घेतलेला मनुष्य उठतो.

आता अनुरागाविषयी. परस्परांविषयी ओढ निर्माण होण्यास थोर गुणच लागतात असे नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या वेस्टगेट वसाहतीत फेस्टिंगर व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्याच दारातील रहिवासी एकमेकांचे निकटचे मित्र असल्याचे प्रमाण ४१ टक्के होते, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांस राहणाऱ्यांत ते १० टक्के होते. पुढे पिट्सबर्ग येथील एका वर्गात चार अनोळखी तरुणी कमी-अधिक वेळा नुसत्या येऊन बसल्या, कोणाशी बोलल्याही नाहीत. जी अधिक वेळा दिसली, ती विद्यार्थ्यांस अधिक आवडली. वारंवार दिसणारा सौम्य चेहरा हाच मुळी विश्वासाचा पाया असतो. म्हणून काउंटरवरील मनुष्य दर महिन्यास बदलणे हे वेतनातील बचतीच्या मानाने महाग पडते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. परिचयाने वाढलेला हा विश्वास औषधाच्या गुणाचा पुरावा नव्हे, आणि वैद्यास आवडणारा, हसतमुख रुग्ण कमी आजारी असतो असेही नव्हे.

मदत करणाऱ्याच्या मनास काय लाभते? एलिझाबेथ डन व सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगात सकाळी दिलेली पाच किंवा वीस डॉलरची रक्कम दुसऱ्यांवर खर्च करणारे सायंकाळी अधिक आनंदी आढळले. रकमेच्या आकड्याने फरक पडला नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही हा परिणाम दिसला, मात्र तो माफक होता. आचार रसायनाचे महत्त्व जाणणाऱ्या आपणांस याचे नवल वाटू नये. तरीही रोज चाळीस जणांचे दुःख ऐकणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. बॅटसन यांनी येथे उपयुक्त भेद केला आहे. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःच व्याकूळ होणे निराळे आणि त्याच्याविषयी कळवळा वाटणे निराळे. प्रसंगातून सुटण्याची सोपी वाट असेल तर व्याकूळ झालेला बहुधा निघून जातो, कळवळा असलेला थांबतो. चरकाचार्यांनी मैत्री व कारुण्य यांच्या पंक्तीत उपेक्षेस का बसविले, याचा एक अर्थ मला येथे लागतो. मरणोन्मुख रुग्णाच्या संदर्भात सांगितलेली ही उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नव्हे. जे आपल्या हाती नाही त्यात गुंतून न पडता, पुढच्या साध्य रुग्णासाठी मन मोकळे ठेवणे, असा तिचा अर्थ मी घेतो.

एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्यास हे विशेष कठीण जाते, कारण रुग्ण गेल्यावर त्याविषयी बोलावयास त्याच्याजवळ कोणी नसते. शाखांच्या मासिक सभांत नव्या कल्पांच्या माहितीसोबत अर्धा तास अशा रुग्णांविषयी बोलण्यासाठी राखून ठेवावा. त्या वेळेत दोषनिवारणाची चर्चा नको, आणि तेथे बोललेले सभागृहाबाहेर जाऊ नये. सुरुवात ज्येष्ठ वैद्यांनी करावी, म्हणजे तरुणांस संकोच वाटणार नाही.