मक्याचा स्क्रू

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, तू रात्रभर जागी आहेस. लेकाच्या घोट्यात विरघळणारा स्क्रू घालायचा, तोही मक्यापासून केलेला! जन्मभर जालन्याच्या सळया बघितलेल्या तुला हे पटायचं कसं?

बघ, मका तसाच हाडात जात नाही. त्याच्या स्टार्चची साखर करतात, ती जिवाणूंकडून आंबवतात आणि लॅक्टिक आम्ल मिळतं. आपल्या दह्याला आंबट करतं ना, तेच. त्याच्या लांब साखळ्या जोडल्या की झालं पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए; स्क्रू त्याचाच. हाडात बसल्यावर गं, शरीरातल्या पाण्याने त्या साखळ्या हळूहळू तुटतात, पुन्हा लॅक्टिक आम्ल होतं आणि शेवटी पाणी नि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं. त्यामुळे स्क्रू काढायला पोराला सहसा पुन्हा टेबलावर घ्यावं लागत नाही.

पण खरं सांगू का, झाडापासून केलंय म्हणून निर्धास्त होऊ नकोस. एरंडाची बी झाडाचीच, पण विषारी. आणि त्याच एरंडाच्या तेलापासून ब्राझीलमध्ये हाड भरायचं पॉलिमर केलंय. शरीराला सोसवतं की नाही, ते शुद्धतेवर आणि विरघळायच्या वेगावर ठरतं. आम्ल एकदम साचलं तर जंतू नसतानाही जागा सुजते, कधी पाणी येतं. म्हणून अशा वस्तू आधी पेशींवर आणि प्राण्यांवर तपासतात. आयएसओ १०९९३ हे त्याचंच मानक. डॉक्टरांना सरळ विचार, नेमका कुठला पदार्थ आहे आणि जायला किती दिवस लागतील? काही वर्ष-दोन वर्षांत जातात, काहींना त्याहून कितीतरी जास्त लागतात. विचारायला लाजू नकोस, तू आई आहेस त्याची.

आणि एक्स-रेत स्क्रू दिसला नाही तर घाबरू नकोस. माझ्या धाकट्याच्या वेळी फिल्मवर नुसतं भोक बघून माझे हातपाय गळाले होते. पीएलए एक्स-रेत दिसतच नाही गं, धातू दिसतो.

टाक्यांवर कांडवेल वाटून लावायची नाही, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. लाली, ताप, पाणी दिसलं तर, महिन्यांनी दिसलं तरी, त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्क्रू विरघळणारा असला तरी पाय टेकवायचा तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच. स्टीलइतकी ताकद त्याच्यात नसते.

घरी येताना स्क्रूच्या पाकिटावरचं लेबल फाइलला चिकटवून घे. डब्याचं मी बघते, तू जरा पाठ टेक.