उलटं करून बघ

घराची किल्ली हातात आली की पहिला महिना काही विकत घेऊ नकोस. गादी, गॅस, दोन पातेली, चार ताटल्या, बास. महिनाभर त्या घरात राहा. पाणी कुठे सांडतं, चहाचा कप ठेवायला हात आपोआप कुठे जातो, संध्याकाळी कुठल्या कोपऱ्यात अंधार होतो, हे बघून ठेव आणि मग बाजारात पाऊल टाक. हाताने घडवलेल्या वस्तूला घरात रोज काम असलं पाहिजे. काम नसेल तर ती कितीही देखणी असो, दुसऱ्या दिवाळीला माळ्यावर जाते, आणि ज्याने चार दिवस बसून ती घडवली त्याचाही त्यात अपमान आहे असं मला वाटतं.

माझ्या सासूबाई मला लग्नानंतर पहिल्यांदा तांबट आळीत घेऊन गेल्या, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट शिकवली. वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. समोरून सगळंच छान दिसतं, दुकानदार ती बाजू मुद्दाम चकचकीत ठेवतो. आत, खाली, मागे काय आहे ते बघायचं. चाळीस वर्षं मी तेवढंच करत आलेय.

तुला तांब्याचा जग घ्यायचाय ना? मग पुण्यात कसबा पेठेतल्या त्याच तांबट आळीत जा, आणि सकाळीच जा. गल्लीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज यायला लागेल. पेशव्यांच्या काळात ही तांबट मंडळी कोकणातून पुण्यात आली. पुढे बंब, घंगाळं, हंडे, कळशा अशी घरोघरची भांडी याच हातांनी घडवली. भांड्याचा आकार झाला की ते लोखंडी ऐरणीवर चढवून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर ओळीने ठोके घालतात. त्याला मठारकाम म्हणतात. उन्हात धरलं की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. लोक त्याला नक्षी समजतात. खरं तर ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं लवकर पोचत नाही. कामातून आलेली शोभा आहे ती, म्हणून तर इतकी वर्षं टिकली.

आता जग हातात घेऊन आत बोट फिरव. हातोडीच्या कामात ठोक्याची चापट खूण बाहेरच्या अंगाला असते, आणि दोन ओळी कधी तंतोतंत सारख्या नसतात. यंत्राने ठसा मारलेल्या पातळ पत्र्यात तोच नक्षा बहुधा आतूनही उठलेला दिसतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मापाचा असतो. वजन बघ. जोड कुठे आहे ते विचार आणि त्यावर नख फिरव. शेवटी एक प्रश्न हमखास विचार, ‘लॅकर मारलंय का?’ मी एकदा एका नामांकित दुकानातून गुलाबीसर, काळं न पडणारं तांब्याचं भांडं हौसेनं आणलं. घरी येऊन चिंच-मीठ लावून घासलं, तर पापुद्रे निघाले. शोभेच्या वस्तूवर असा थर ठीक आहे. ती नुसती मऊ फडक्याने पुसायची. पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला तो नको.

तांब्याच्या भांड्यात पाणीच ठेव. ताक, लिंबू, चिंचेचं सार चुकूनही नको, आंबट पदार्थात तांबं उतरतं. स्वयंपाकाचं भांडं हवं असेल तर आतून कल्हई करून घे. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर येतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत सगळं भांडं आतून चांदीसारखं करतो. एकदा उभं राहून बघच. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून असं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही. आधी तेल किंवा पाणी, मग जाळ. तारेच्या घासणीनेही घासायचं नाही.

तुझ्या दोन खोल्यांत बंब बसणार नाही, हे मलाही कळतं. बसवायचा आग्रहही नाही. पुण्यात गेल्या काही वर्षांत डिझाइन शिकलेली मुलं या कारागिरांबरोबर बसली आणि त्याच मठारकामातून दिव्याच्या शेड, पाण्याच्या सुरया, छोटे वाडगे आले. मला ते मनापासून आवडलं, कारण त्यांनी माप बदललं आणि हात तोच ठेवला. तूही तसंच कर. मनातली वस्तू कागदावर काढ, त्यावर उंची-रुंदी सेंटीमीटरमध्ये लिही, आणि घरातली त्या मापाची एखादी वाटी नमुन्याला ने. ‘साधारण एवढं’ म्हणून ऑर्डर दिलीस तर येईल ते घ्यावं लागेल.

भावात घासाघीस करू नकोस. त्याऐवजी विचार, ‘दादा, यातलं तुम्हाला स्वतःला कुठलं आवडतं?’ कारागीर क्षणभर थांबतो, मागच्या फळीवरून काहीतरी काढतो. माझ्या घरातल्या सगळ्यात चांगल्या वस्तू अशाच मागच्या फळीवरून आलेल्या आहेत.

चपलेचंही तेच, आधी उलटी करायची. 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा मला फार लागलं होतं. 2019 मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पण तू मात्र नावावर जाऊ नकोस, चप्पल उलटी कर. कडेने बघितलीस तर कातड्याचे थर दिसले पाहिजेत, चामड्याच्याच वादीने शिवलेले. मधे फोम किंवा रबर दिसलं तर ती वेगळी वस्तू, तिचा भावही वेगळा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याला एक तुरट वास असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. थोडी घट्टच घे, पायावर सैल होते. पहिले आठ दिवस अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून खोबरेल लाव आणि घरातच तासभर घाल. मृगाच्या आधी कोरडी पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव. भिजलीच तर सावलीत वाळव, उन्हात टाकलीस तर तडकेल.

कापडाची पाठ बघायला विसरू नकोस. पैठणीच्या पदराची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असली तर ती बहुधा हातमागाची. मागे धागे लोंबत असले तर बहुधा यंत्रमागाची. हातमागाच्या कापडासाठी सरकारचा हॅण्डलूम मार्क 2006 पासून आहे, तोही शोध. खणाच्या उशा, पिशव्या, कंदील हल्ली सगळीकडे दिसतात. खण मूळचा चोळीचा, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागावरचा. त्यातलं पुष्कळ आता यंत्रमागावर होतं. त्यात वाईट काही नाही, फक्त यंत्रमागाच्या कापडाला हातमागाचे पैसे देऊ नकोस.

बुरडाकडची टोपली घेशील तेव्हा ती पांढऱ्या कागदावर आपट. पिवळी भुकटी पडली तर बांबूला कीड आहे. रोवळी मात्र घेच, तांदूळ धुवायची. फळं ठेवायला तिच्याइतकं हवेशीर भांडं मला अजून दुसरं सापडलेलं नाही.

गोधडी विकत घेऊ नकोस. तुझ्या आजीची दोन सुती नऊवारी माझ्या ट्रंकेत आहेत. आमच्या गावाकडे गोधड्या शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडे देऊ. बारीक धावदोरा सांगू, टाका दाट असला की आतली घडी सरकत नाही. वेळ लागेल, थंडीपर्यंत होईल.

आणि एक तपेली मी बाजूला काढून ठेवली आहे. काळी पडलीय, कल्हईही गेलीय, म्हणून तुला कदाचित आवडणार नाही. पण उलटी करशील तेव्हा बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव दिसेल, तुझ्या पणजीचं. त्याच्याखाली बोटभर जागा मोकळी आहे. रविवारी येताना जाड कापडी पिशवी आण, ती जड आहे.