गुरूवांचून शिकलेले चित्रकार

यवतमाळ, वणी किंवा पुसद येथील बाजारांतून जातांना दुकानांवरील पाट्या आपण सहज वाचतों. परंतु त्या कोणीं लिहिल्या हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. आतां बहुतेक पाट्या यंत्रावर छापून येतात. तथापि एखाद्या जुन्या भिंतीवर हातानें रंगविलेलीं अक्षरें किंवा मालमोटारीच्या मागील फळीवर काढलेलें कमळ अद्यापि दृष्टीस पडतें. लोक ज्यांस नुसतें ‘पेंटर’ म्हणतात, त्या कारागिरांचें हें काम होय. त्यांपैकीं पुष्कळांनीं कोणत्याहि कलाशाळेचा उंबरठा ओलांडलेला नसतो. अशा माणसास चित्रकार म्हणावें कीं नाहीं? आणि ज्यास कोणीं शिकविलें नाहीं, तो शिकतो तरी कसा? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पहिलें उदाहरण कोल्हापूरचें घेऊं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म सन १८९० मध्यें झाला. वडील हस्तकलेंत निष्णात असल्यामुळें हत्यारें आणि रंग हीं मुलाच्या खेळण्यांतलींच झालीं. बाबूराव व त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनीं कलाशाळेंत न जातां चित्रकला हस्तगत केली आणि नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नांव मिळविलें. पडद्याचें काम हीच त्यांची शाळा ठरली. जवळून सुंदर दिसणारी बारीक रेघ शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकास दिसत नाहीं. दिव्यांच्या उजेडांत रंग पालटतो. सपाट कापडावर राजवाड्याची खोली भासवावी लागते. हे धडे त्यांस प्रत्यक्ष कामानेंच शिकविले. सन १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आल्यावर दोघांसहि चित्रपटाचा ध्यास लागला. आनंदराव सन १९१६ मध्यें अकालीं वारले. पण बाबूरावांनीं हाय न खातां सहकाऱ्यांच्या मदतीनें चित्रपटाचा कॅमेराच स्वतः तयार केला. सन १९२० मध्यें त्यांचा ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. पुढें आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकेंहि ते स्वतः रंगवूं लागले. सन १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चें भित्तिपत्रक हें आपल्या देशांतील अगदीं जुन्या उपलब्ध भित्तिपत्रकांपैकीं गणलें जातें. लोकांनीं त्यांचें मेस्त्री हें आडनांव मागें टाकून त्यांस ‘बाबूराव पेंटर’ असेंच म्हटलें. जो शब्द आपण बाजारांत सहज उच्चारितों, तोच येथें सन्मानाची पदवी झाला, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरें उदाहरण डहाणू तालुक्यांतील वारली समाजाचें. तेथें लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठानें देवीचा चौक लिहिण्याची चाल आहे, आणि हें काम सुवासिनींचें मानलें जातें. सन १९३४ मध्यें जन्मलेले जिव्या सोमा म्हसे यांची आई ते लहान असतांनाच निवर्तली. त्या धक्क्यानें त्यांनीं बोलणें टाकलें आणि धुळींत चित्रें काढून ते आपलें मनोगत सांगत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. पुरुष असूनहि त्यांनीं नित्य चित्रें काढण्याचा क्रम ठेविला. सन १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागांत आले आणि त्यांनीं वारली चित्रकारांच्या हातीं कागद व रंग दिले. भिंतीवरील चित्र पुढच्या पावसाळ्यानंतर पुसलें जाई. तें आतां टिकूं लागलें. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकृतींतून म्हसे यांनीं मुंग्यांची रांग, मासेमारीचें जाळें आणि तारप्याभोंवतींचा नाच जिवंत केला. त्यांचीं चित्रें परदेशांतहि मांडलीं गेलीं. सन २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. सन २०१८ मध्यें ते निधन पावले.

अशीं माणसें केवळ आपल्याच देशांत होतात असें नव्हे. युरोपांत कार्पेथियन पर्वतांत लेम्को नांवाचे लोक राहतात. त्यांच्यांत सन १८९५ मध्यें जन्मलेला निकिफोर हा अनाथ व निर्धन होता, आणि त्याचें बोलणेंहि लोकांस नीट कळत नसे. पोलंडांतील क्रिनित्सा या गांवीं औषधी झऱ्यांसाठीं पाहुणे येत. निकिफोर तेथें रस्त्याच्या कडेस बसून चित्रें काढी आणि थोड्या पैशांस विकी. कागद विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें वापरलेले कागद व खोक्यांचे पुठ्ठेहि तो कामास लावी. सन १९३० च्या सुमारास रोमन तुरिन या युक्रेनियन चित्रकारानें त्याचीं चित्रें ओळखलीं, आणि सन १९३२ मध्यें तीं पॅरिस येथें मांडलीं गेलीं. महायुद्धानंतर सन १९४७ मध्यें सरकारनें लेम्को लोकांस त्यांच्या डोंगरांतून हद्दपार केलें. निकिफोरहि त्यांत होता. परंतु तो पुन्हां क्रिनित्सास परतला. आज त्याच गांवीं त्याच्या नांवाचें संग्रहालय आहे.

या तिघांस एकत्र पाहिलें असतां पहिली गोष्ट ही दिसते कीं, स्वयंशिक्षित म्हणजे अशिक्षित नव्हे. बाबूरावांस वडिलांची कार्यशाळा होती, म्हसे यांस सुवासिनींचा चौक होता, निकिफोरास रस्ता होता. गुरूचें नांव नव्हतें; पण निरीक्षण होतें आणि रोजचा अभ्यास होता. दुसरी गोष्ट अशी कीं, म्हसे व निकिफोर यांची कला जगास कळली ती कोणीतरी थांबून पाहिलें म्हणून. ज्यांच्याजवळ कोणी थांबलें नाहीं, असे किती जण विस्मृतींत गेले असतील, याची गणती कोण करणार?

आतां आपल्या गांवच्या पेंटराकडे वळूं. एक दोरी गेरूंत बुडवून दोघांनीं दोन टोकांस ताणावी आणि मध्येंच उचलून सोडावी, म्हणजे भिंतीवर सरळ रेघ उमटते. ती अक्षरांची शिरोरेघ होय. अक्षरें मोजून मध्यापासून दोन्ही बाजूंस जागा वांटावी लागते, नाहींतर शेवटचें अक्षर चेंगरतें. लहान छायाचित्रावरून भिंतीएवढा चेहरा काढावयाचा असेल, तर छायाचित्रावर व भिंतीवर सारख्याच संख्येच्या चौकटी पाडाव्या आणि एकेक चौकट मोठी करून उतरावी. ही शुद्ध भूमिति आहे. वर्गांत जें प्रमाण आपण वहींत सोडवितों, तेंच तो शिडीवर उभा राहून सोडवितो.

येथें आमचाहि एक दोष कबूल केला पाहिजे. मागें एका समारंभासाठीं आम्हीं छापील फलक मागविला, कारण तो स्वस्त होता व एका दिवसांत मिळाला. दोन पावसाळ्यांत त्याचा रंग उडाला. त्याच्याच शेजारीं एका वृद्ध पेंटरानें पूर्वीं रंगविलेली पाटी होती. तिचीं अक्षरें अद्यापि स्पष्ट वाचतां येतात. त्यांस भेटावयास गेलों, तेव्हां त्यांनीं कुंचले एका जुन्या डब्यांत उभे करून ठेविलेले दाखविले आणि म्हणाले, “बापू, डबा घेऊन जा. घरांत आतां कोणी शिकत नाहीं.” आम्हीं डबा घेतला नाहीं, चार मुलांस मात्र त्यांच्याकडे नेलें. पहिल्या दिवशीं त्यांनीं फक्त दोरी धरावयास शिकविलें. एकाहि मुलाची रेघ सरळ आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं चौघेहि पुन्हां गेले.

विद्यार्थीमित्रहो, सुट्टींत आपापल्या गांवीं जाल तेव्हां हातानें रंगविलेली एक तरी पाटी शोधा. ती कोणीं लिहिली तें विचारा, तो मनुष्य हयात असेल तर त्यास भेटा, आणि त्याची रीत वहींत टिपून घ्या. भिंतीस पुन्हां चुना लागण्यापूर्वीं हें झालें पाहिजे.