रक्ताच्या गुठळीचे चुकलेले निदान आणि भरपाईचा हक्क

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा विकार फसवा असतो. एका पोटरीस सूज येते, ती दुखू लागते, हातास उष्ण लागते. आणि मुका मार असेल, स्नायू आखडला असेल, असा समज सहज होतो. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकल्यास मात्र थोड्या वेळात प्राणावर बेतते. प्रसूती, मोठी शस्त्रक्रिया, पायाचा अस्थिभंग, दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे ही तिची परिचित कारणे होत. डॉपलर सोनोग्राफीने तिचे निदान बहुधा होते आणि रक्त गोठू न देणारी औषधे वेळीच दिल्यास बहुतेक रुग्ण बचावतात. निदान चुकून रुग्ण दगावल्यास घरच्यांचा प्रक्षोभ होतो तो यामुळेच.

परंतु निदान चुकले एवढ्यानेच डॉक्टर कायद्याने दोषी ठरत नाही. सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत घेतली असती ती काळजी घेतली गेली नाही, आणि हानी त्यामुळेच झाली, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. बाळंतिणीचा एकच पाय सुजलेला असता तो तपासलाच नाही, ही एक गोष्ट. तपासणी करूनही गुठळी आढळली नाही, ही निराळी गोष्ट. तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणी अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या प्रकरणी सांगितले. तेथे हिवतापाच्या रुग्णावर विषमज्वराचे उपचार झाले होते आणि जिल्हा मंचाने दिलेली दोन लाखांची भरपाई न्यायालयाने कायम केली. गुठळीच्या प्रकरणात मात्र तज्ज्ञाच्या मताची गरज बहुधा पडतेच.

अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असल्याने परिसरातील खेड्यांचा मोठा आधार शासकीय उपचारांवर आहे. 'सरकारी दवाखान्याविरुद्ध दाद कोठे मागणार?' हा ग्रामस्थांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर मराठवाड्यातच घडलेल्या एका प्रकरणाने दिले आहे. १९६३ च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयात प्रसूतीनंतर एका स्त्रीवर संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहून गेला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो काढला, तरी ती वाचली नाही. दिवाणी न्यायालयाने छत्तीस हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा फिरविला, आणि १९९६ मध्ये अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्याने सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. नेमका कोणता डॉक्टर चुकला हे निश्चित करता आले नाही, तरी कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाबद्दल शासन जबाबदार राहते, हे त्यातील महत्त्वाचे सूत्र. तेहतीस वर्षांनी मिळालेल्या छत्तीस हजारांचे मोल ते काय, हे वेगळे सांगावयास नको.

ग्राहक आयोगाचा मार्ग त्यामानाने सुलभ आहे. १९९५ च्या निवाड्यानुसार जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात ते रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येत नाही. नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही. तेथे दिवाणी दावाच करावा लागतो. परंतु काही रुग्णांकडून शुल्क घेतले जात असेल, तर मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. तक्रार दोन वर्षांत दाखल व्हावयास हवी. रुग्णाने दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही.

सारे काही कागदांवर अवलंबून असते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाचा अभिलेख तीन वर्षे जपावयाचा असून मागणी केल्यास तो बहात्तर तासांत द्यावयाचा आहे. मागणी लेखी करून पोच घ्यावी. मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनास नकार देऊ नये. गुठळी होती की नव्हती, याचा त्याहून सबळ पुरावा क्वचितच मिळतो. दुःखाच्या घटकेस हे सुचविणे कठीण असते. सरपंच किंवा शिक्षक यांनी तेवढे धैर्य दाखवावे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांना २०१९ च्या कायद्यातील आणखी एक तरतूद उपयुक्त आहे. उपचार कोल्हापूर, सांगली अथवा कर्नाटकात झाले असले, तरी तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे बीड येथे, तक्रार करता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. त्यासाठी अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा.