नावात काय लिहिलंय?

सुरुवातीलाच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

गेल्या गॅदरिंगच्या वेळी आमच्या विंगमध्ये टी-शर्टवर आपलं नाव जपानीत रंगवायची टूम निघाली. मी संध्याकाळी जपानीच्या क्लासला जाते, म्हणून सगळ्या माझ्याकडे. रूममेट शीतलसाठी मी डिक्शनरीतून 'शि' उच्चाराचं एक सोपं, सहा रेघांचं अक्षर शोधलं आणि फॅब्रिक पेंटने ऐटीत पाठीवर काढून दिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. त्या अक्षराचा अर्थ होता 'मृत्यू'! शीतल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मी जे शिकले तेच इथे देतेय.

जपानीत तीन लिप्या एकत्र वापरतात. हिरागाना आणि काताकाना या आपल्या देवनागरीसारख्या उच्चार दाखवणाऱ्या. तिसरी कांजी, चीनमधून आलेली. कांजीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो आणि बहुतेकांना एकाहून जास्त उच्चार. आपल्या मासिकात ही अक्षरं छापता येत नाहीत, म्हणून शब्दांतच सांगते. झाडाचं एक अक्षर आहे. ते दोनदा काढलं की राई, तीनदा काढलं की जंगल. सूर्याच्या शेजारी चंद्र काढला की झालं 'तेजस्वी'. सिनेमा दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या नावातलं 'अकिरा' हेच.

आता मुद्दा असा की एकाच उच्चाराची अनेक अक्षरं असतात. 'शि' म्हणजे मृत्यू, तसंच कविता, निश्चय आणि चारसुद्धा. (म्हणून तिकडे बऱ्याच हॉस्पिटलांत चार नंबरची खोली नसते.) 'युकी' हे मुलीचं नाव एका अक्षराने लिहिलं तर बर्फ, दुसऱ्याने सुख, दोन अक्षरं जोडून लिहिलं तर 'आशा असलेली'. त्यामुळे नुसतं नाव ऐकून भागत नाही, "कोणती कांजी?" असं विचारावं लागतं.

बाळाच्या सातव्या रात्री तिकडे 'ओशिचिया' करतात, साधारण आपल्या बारशासारखं. ब्रशने नाव लिहून कागद घरात लावतात. जन्माची नोंद 14 दिवसांत करावी लागते. एवढ्या दिवसांत आईवडिलांनी उच्चार, अर्थ आणि रेघांची संख्याही बघायची, कारण रेघा मोजून भविष्य सांगणारं शास्त्रही आहे!

काही नावं बघा. हायाओ मियाझाकी यांच्या 'हायाओ'त डाव्या बाजूला घोडा आहे, अर्थ वेगवान घोडा. लेखक हारुकी मुराकामी यांचं 'हारुकी' म्हणजे वसंत आणि झाड. 'रेन' हे मुलांचं आवडतं नाव, अर्थ कमळ, म्हणजे आपला पंकज! सम्राटांच्या घरात मुलांच्या नावाशेवटी 'हितो' येतं, हिरोहितो, अकिहितो, नारुहितो. त्या अक्षराचा अर्थ माणुसकी, करुणा. 2001 साली जन्मलेल्या राजकन्या आइको यांच्या नावात प्रेम आणि मूल ही दोन अक्षरं आहेत. ती चिनी तत्त्ववेत्ता मेन्शियसच्या ग्रंथावरून निवडली. 'इचिरो' म्हणजे पहिला मुलगा, 'जिरो' दुसरा. पण बेसबॉलवाला इचिरो सुझुकी घरात दुसरा! त्याचं 'रो' वेगळ्या कांजीचं आहे, अर्थ प्रसन्न.

तरी वाटेल ते अक्षर चालत नाही. नावासाठी सरकारी यादी आहे: रोजच्या वापरातली 2136 आणि खास नावांसाठीची 863. 2004 साली ही दुसरी यादी वाढवायला 578 अक्षरांचा मसुदा निघाला, तर त्यात विष्ठा, प्रेत, कर्करोग असली अक्षरंसुद्धा होती! लोक भडकले आणि शेवटी 488च अक्षरं घेतली.

पण यादीने सगळं सुटत नाही. 1993 मध्ये तोक्योजवळच्या आकिशिमा शहरात एका वडिलांनी मुलाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, असं नोंदवायला दिलं. दोन्ही अक्षरं यादीतली. आधी घेतलेली नोंद मग ऑफिसने अडवली, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी बाळाला दुसरं नाव ठेवलं. प्रश्न असा, की नाव कुणाचं? ठेवणाऱ्याचं, की जन्मभर वागवणाऱ्याचं?

अक्षराचा उच्चार काय करायचा हे मात्र कायद्याने पालकांवरच सोडलं होतं. 'डेथ नोट'मधल्या हिरोचं नाव चंद्राच्या अक्षराने लिहितात आणि वाचतात 'राइतो', म्हणजे लाइट. अशा नावांनी शाळेत हजेरी घेताना शिक्षकांचे हाल. 26 मे 2025 पासून नियम बदलला. आता कुटुंबाच्या नोंदवहीत उच्चारही लिहावा लागतो आणि तो लोकांना पटेल असा हवा. 'उंच'चं अक्षर लिहून 'ठेंगू' वाचलेलं चालणार नाही.

राहिली शीतल. खरं तर परदेशी माणसाचं नाव काताकानात लिहितात, नुसता उच्चार. पण सेन्सेई म्हणाल्या, "कांजीच हवी तर आवाज नको बघू, अर्थ बघ. शीतल म्हणजे काय?" मग त्यांनी एक अक्षर काढून दाखवलं. डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब, अर्थ गार, सुखद. 'र्‍योको' या नावातलं 'र्‍यो' तेच. शीतलने रात्री घरी फोन करून आपल्या नावाचं विचारलं. ती चंद्रपूरला भर मे महिन्यात जन्मली, लाइट गेलेले, आजी रात्रभर पंख्याने वारा घालत होती. नाव आजीनेच ठेवलं.

नवीन टी-शर्टचे पैसे मी भरले. आणि हो, माझं नाव कुणी आणि का ठेवलं हे वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. रविवारी घरी फोन लावीन तेव्हा आधी तेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा.