फॉर्ममधील माहितीची तपासणी : ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवरही



प्रवेश अर्ज, सहलीचे संमतीपत्र, सगळंच आता ऑनलाइन भरून घेतलं जातं. बरेच तंत्रस्नेही शिक्षक असे फॉर्म स्वतः तयार करतात. मग भरलेली माहिती तपासायची कुठे? दोन ठिकाणी.

१) ब्राउझरमध्ये
एचटीएमएलमध्ये रकान्याला 'रिक्वायर्ड' लिहिलं की तो रिकामा सोडता येत नाही. 'पॅटर्न' दिला की मोबाईल नंबर १० अंकीच आणि ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होणारा लागतो. चूक तिथल्या तिथे कळते, पालकांचा वेळ वाचतो.

पण ही तपासणी भरणाऱ्याच्याच यंत्रावर चालते. उजवं क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा, 'रिक्वायर्ड' शब्द खोडा, की अट गेली! फॉर्म न उघडताही सर्व्हरकडे थेट माहिती पाठवता येते. म्हणून ही फक्त सोय आहे, सुरक्षा नाही.

२) सर्व्हरवर
इथे सगळं पुन्हा तपासायचं, काहीही गृहीत धरायचं नाही.

• मोकळ्या जागा काढल्यावर रकान्यात काही उरतं का?
• लांबी मर्यादेत आहे का?
• इयत्ता यादीतलीच आहे का? यादीत १ली ते ४थीच असली तरी बाहेरून ९वी येऊ शकते.
• तारीख खरी आहे का? पीएचपीच्या 'डेटटाइम'ला ३० फेब्रुवारी २०१९ दिली, तर ते गुपचूप २ मार्च करतं. 'चेकडेट' वापरलं की ही चूक पकडली जाते.

आणि डेटाबेसमध्ये नोंद करताना 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट'च वापरा. तपासणी झाली म्हणून ते टाळू नका.

३) मराठीसाठी खास
नावाला फक्त इंग्रजी अक्षरांचा पॅटर्न दिला तर मराठीत लिहिलेलं नाव नाकारलं जातं. जावास्क्रिप्टमध्ये 'कोणताही अंक' या खुणेत देवनागरी अंक बसत नाहीत. पालकांनी नंबर देवनागरीत टाकला तर चूक त्यांची नाही. ब्राउझरने तो अडवू नये आणि सर्व्हरने आधी अंक बदलून घेऊन मग तपासावा.

४) चुकीचा संदेश
'अवैध माहिती' एवढंच लिहून भागत नाही. 'मोबाईल नंबरमध्ये ९ अंक आहेत, १० हवेत' असं लिहा. आणि भरलेले बाकीचे रकाने पुसू नका. कमी रेंजमध्ये सगळा फॉर्म पुन्हा भरणं किती जिवावर येतं, हे आपल्याला माहीत आहेच.

शेवटी एक गोष्ट. ३ डिसेंबर आणि १२ मार्च या दोन्ही तारखा सर्व्हरला मान्यच होतील. त्यातली मुलाची जन्मतारीख कोणती, हे त्याला कसं कळणार? जनरल रजिस्टरमधली तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, आणि ती दुरुस्त करायला पालकांना हेलपाटे पडतात. म्हणून जन्मदाखला समोर ठेवून ती तारीख आपणच ताडून पाहायची. ते काम माणसाचंच.

करून पाहा : आपल्या फॉर्ममध्ये ३० फेब्रुवारी, देवनागरी नंबर आणि फक्त मोकळ्या जागा असलेलं नाव भरा. काय होतं ते बघा.