लिटर आणि किलोग्रॅम : द्रव पदार्थांचे माप व वजन

एक लिटर तेलाचे वजन किती, असे पाचवीच्या वर्गात विचारले असता बहुतेक मुले 'एक किलो' असे उत्तर देतात. हा दोष मुलांचा नव्हे. लिटर शिकविताना उदाहरण नेहमी पाण्याचे दिले जाते, आणि एक लिटर पाणी वजनाला जवळजवळ एक किलो भरते. त्यामुळे माप व वजन एकच होत, असा ग्रह होऊन बसतो. जुन्या व्यवहारात तर 'शेर' हे नाव वजनालाही होते आणि मापालाही होते. १९५६ च्या कायद्याने दशमान परिमाणे आली व दोहोंची नावे निराळी झाली; गल्लत मात्र राहिलीच.

ती घालविण्यास तराजूच हवा. २०० मिलिलिटरची खूण असलेले एक भांडे घ्यावे. प्रथम रिकाम्या भांड्याचे वजन करून फळ्यावर मांडावे. ही पायरी मुले हमखास विसरतात. नंतर पाणी, दूध व शेवटी शेंगदाण्याचे तेल त्याच खुणेपर्यंत भरून वजन करवून घ्यावे. मात्र प्रत्येक वेळी आधी अंदाज विचारावा. तेल दाट म्हणून ते जड, असे अनेकजण सांगतील. प्रत्यक्षात पाणी २०० ग्रॅम, दूध सुमारे २०६ आणि तेल अवघे १८२ ग्रॅम भरते. मध मिळाल्यास तो २८० च्या आसपास जाईल. दाटपणा निराळा व जडपणा निराळा, हे तेव्हा मुलांना पटते. आमटीवर तेलाचा तवंग का येतो तेही कळते.

यावरून रीत निघते. तेलाचे मिलिलिटर ०.९१ ने गुणले की ग्रॅम मिळतात, ग्रॅमना ०.९१ ने भागले की मिलिलिटर.

शाळेत शिजणाऱ्या आहाराच्या हिशेबात हीच रीत न पाळल्यास शिक्षकावर बालंट येते. बाजारात तेलाचा डबा १५ किलोचाही मिळतो आणि १५ लिटरचाही. लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच असते. तो नोंदवहीत १५ किलो म्हणून चढविला, आणि ४० मुलांना प्रत्येकी ५ ग्रॅमप्रमाणे रोज २०० ग्रॅम तेल खर्ची पडले, तर कागदावर डबा ७५ दिवस पुरतो. प्रत्यक्षात तो ६९ व्या दिवशीच आटोपतो. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास १ किलो ३५० ग्रॅमची तूट दिसते, आणि न चोरलेल्या तेलाचा जबाब द्यावा लागतो. डब्यावरील आकडा किलोचा की लिटरचा, हे आधी वाचावे.

स्वयंपाकीणबाई तेल पळीने घालतात, तेव्हा पळीचे मापही मुलांकडून काढवावे. दहा पळ्या पाण्याचे वजन ३०० ग्रॅम भरले, तर एका पळीत ३० मिलिलिटर पाणी, म्हणजेच सुमारे २७ ग्रॅम तेल मावते. दिवसाच्या २०० ग्रॅमसाठी सात पळ्या भरून घ्याव्यात व आठवी एकतृतीयांश घ्यावी.